भारीवालं पेट्रोल

१२ नोव्हेंबर

आज पुन्हा तेच झालं. बोरखडीच्या चढावर अर्ध्यात माझी गाडी धापा टाकत होती. खेमसिंग मागून आला आणि हॉर्नही न वाजवता बाजूने निघून गेला. मी माथ्यावर पोचलो तेव्हा मोहाच्या झाडाखाली गाडी लावून तो तंबाखू-सुपारीचा खर्रा चोळत उभा होता. म्हणाला, "भिया, तुयी गाडी तुयं भाषण आयकून झोपून राह्यली का?"

त्याच्या डाल्यात, मागच्या हौद्यात, बसलेल्या बाया हसल्या. माझ्या डाल्यातल्याही हसल्या, हे जास्त लागलं.

दोन्ही गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच बनावटीच्या, पेट्रोलवाल्या, पांढऱ्या, छोट्या मालवाहू. एकाच आठवड्यात यवतमाळहून आणल्या. आधी मी आणली. हे इथे लिहून ठेवतो, कारण तांड्यात आता उलटं सांगतात. आज दोघांच्या मागे कापसाची सारखीच गाठोडी होती, दोघांना घाटंजीच्या जिनिंगवरच जायचं होतं.

खेमसिंग माझा चुलतभाऊ, भिंतीला भिंत लागून घर, माझ्याहून काही महिन्यांनी लहान. शाळेत वक्तृत्वात माझा पहिला नंबर आला की तो पळत घरी जाऊन सांगायचा, "आमचा नंबर आला." तेव्हा मला तो आवडायचा.

आमचे बंजारा पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालत. लदेणी म्हणत तिला. ओझं वाहणं आमच्या रक्तात आहे, हे मी किती सभांतून गर्जून सांगितलं असेल. आणि माझीच गाडी चढावर मरते.

आमचा तांडा खोलगटात आहे. कुठेही जायचं म्हटलं तरी बोरखडीचा चढ सुटत नाही. म्हणजे हा अपमान रोजचाच.

तो टाकीत काय टाकतो, ते शोधलं पाहिजे.

१५ नोव्हेंबर

घाटंजीच्या रस्त्यावरच्या पंपावर गेलो. तिथला संघदीप माझा चाहता आहे, माझी भाषणं मोबाइलवर ऐकतो. त्याला बाजूला घेऊन विचारलं, "खेमसिंग कोणतं टाकतो?"

"साधंच टाकते काका."

"नीट आठव."

"आठवायचं काय त्यात? भारीवालं, ते महागाचं, आमच्याकडं कधी येते, कधी येत नाई. त्याले यवतमाळले जा लागते."

म्हणजे खेमसिंग यवतमाळला जाऊन भरत असणार. तिथे तो आठवड्यातून जातोच. इथे येऊन साधं भरायचं, चार लोकांना दिसू द्यायचं, आणि खरं खाद्य दुसरीकडून खाऊ घालायचं. एवढी अक्कल त्याला आहे. त्याला साधा समजणाऱ्यांनी त्याचे पत्ते खेळताना हात पाहावेत.

परतताना खेमसिंगलाच विचारलं, सरळच. "साधं," तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाहिलं. माझा विश्वास बसला नाही.

२८ नोव्हेंबर

बबिताची सगाई झाली. मुलगा पुसदकडच्या तांड्यातला, जीवन नाव. शांत आहे, शेतकी खात्यात कामाला आहे. पंचांसमोर गूळ वाटला. लग्न एप्रिलच्या शेवटी. माझी एकुलती एक पोर, हे लिहितानाही पेन जड होतंय.

जेवणं झाल्यावर विदाईचा विषय निघाला. आमच्यात नवरी निघताना सजवलेल्या बैलाच्या पाठीवर उभी राहते आणि हवेली गाते. रडत रडत गाते, आईबापाच्या घराला आशीर्वाद देत गाते: हे घर भरलेलं राहो, ही गाई-वासरं वाढोत. तिची माणसं समोर उभी राहून ऐकतात. ते गाणं बायकाच तिला महिनोन्‌महिने शिकवतात. बापाने ते एकदाच ऐकायचं असतं.

माझी बायको लालीबाई म्हणाली, "तांड्यात आता पाठीवर पोरगी उभी राहीन असा बैल हाय तरी कुठं?"

खरं होतं. मी उभा राहिलो. मी म्हणालो, "जमाना बदलला, ओझं वाहणारं जनावर बदललं, पण ओझं वाहणारी जात बदलली नाही. माझी बबिता माझ्या गाडीच्या डाल्यात उभी राहून हवेली गाईल आणि तीच गाडी तिला चढ ओलांडून घेऊन जाईल."

टाळ्या पडल्या. मग खेमसिंग कोपऱ्यातून खाकरला. "चढ चढीन ना भिया?"

सगळं हसण्यावारी गेलं. बबितासुद्धा ओढणीत तोंड लपवून हसत होती.

माझ्या गाडीतूनच जाईल ती. आणि त्या दिवशी गाडी चढावर अडखळली तर मी पुन्हा कुठल्या मंचावर उभा राहणार नाही.

९ डिसेंबर

दोन दिवस वाचतो आहे. गाडीसोबत आलेलं पुस्तक वाचलं, लेख वाचले, एका अभियंत्याचं लांबलचक व्याख्यान ऐकलं. घसा बसला आहे, बोलणं बंदच आहे, तेव्हा वाचन बरं झालं.

भारीवाल्यात ऑक्टेनचा आकडा मोठा असतो. पण लोक समजतात तसं ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. ऑक्टेन म्हणजे धीर. इंजिनात पेट्रोल दाबलं जातं. दाब वाढतो, उष्णता वाढते, आणि तरीही त्याने ठिणगी येईपर्यंत थांबायचं असतं. ज्याला धीर नाही ते ठिणगीआधीच आपलं आपण पेटतं. मग इंजिन खडखडतं आणि जोर वाया जातो. आकडा मोठा म्हणजे धीर मोठा. चढावर, ओझ्याखाली हा धीर लागतो. मला वाटतं यावर एक उत्तम भाषण होईल.

लेखात शेवटी लिहिलं आहे की ज्या इंजिनाची बनावट साध्या पेट्रोलसाठी आहे, त्याला भारीवाल्याचा विशेष फायदा नाही. पुस्तकातही माझ्या गाडीला साधं चालेल असंच आहे. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. ओळखीचं वाटलं. तुम्हाला साधं पुरतं. शाळा साधी पुरते, दवाखाना साधा पुरतो, रस्ता साधा पुरतो. आमच्या तीन पिढ्यांनी हे ऐकलं आहे. मी ते मानणार नाही.

उद्या यवतमाळ.

१० डिसेंबर

भरलं. टाकी गच्च.

येताना किराणा दुकानाचा माल लादून आणला, चांगला जड. बोरखडीचा चढ गाडीने असा घेतला की मीच चकित झालो. ना धाप, ना जळका वास. गाडीत एकटाच होतो, घसा बसलेला, म्हणून नुसता इंजिन ऐकत आलो. काय सुरेख आवाज. वर पोचल्यावर मोहाखाली थांबलो आणि खाली पाहत राहिलो, खेमसिंग येतो का म्हणून. तो आला नाही. पाहिजे तेव्हा येत नाही.

मी बरोबर होतो. कंपन्या खोटं बोलतात आणि खेमसिंगही.

१४ डिसेंबर

घसा सुटला. आज कापूस नेला. पुढे माझ्या शेजारी नीळकंठराव देशपांडे बसले होते, घाटंजीचे निवृत्त तहसीलदार. तांड्यात काही कामानिमित्त आले होते, त्यांची बस चुकली. माणूस वाचणारा. त्यांना मी ऑक्टेनचा सिद्धान्त सांगायला घेतला. दाब, धीर, ठिणगी. हात स्टिअरिंगवरून काढून दाखवावं लागतं, त्याशिवाय दाब समजत नाही. ते मधून मधून म्हणत होते, "समोर बघा, सेवादासजी."

अर्ध्या चढावर जळका वास सुरू झाला. गाडी ओढेना. गिअर बदलायचा राहून गेला असेल, पण तेवढ्याने काय होतं. थांबावं लागलं. नीळकंठराव उतरून दगड लावत असताना खेमसिंग बाजूने गेला. खिडकीतून हात बाहेर काढून त्याने नमस्कार केला, त्यांना, मला नाही. नीळकंठराव त्याला थांबवून त्याच्याच गाडीत जाऊन बसले. म्हणाले, "वेळेचं काम आहे हो."

यवतमाळच्या पंपावर भेसळ असली पाहिजे. पहिल्या वेळी खरं दिलं, काल पुन्हा भरलं तेव्हा साधंच.

३ जानेवारी

क्लच प्लेट गेली. घाटंजीच्या इंद्रजित मिस्त्रीकडे गाडी दोन दिवस होती. तो जुनी प्लेट हातात घेऊन म्हणाला, "इतक्या लवकर कशी गेली काका? पाय ठेवून राह्यता का तुमी क्लचवर?"

मी म्हणालो, "पाय कुठं ठेवू मग, टपावर?"

हसला. त्याला म्हटलं, खेमसिंगची प्लेट कधी गेली? म्हणे, त्याची अजून गेलीच नाही. इंद्रजितची बायको खेमसिंगच्या सासरकडची आहे, हे मला माहीत आहे. खेमसिंगला चांगला माल मिळतो आणि मला असा. आणखी बोलण्यात अर्थ नव्हता.

बोलायची सवय असलेल्या माणसाला मंचावर डावा पाय जरा पुढे ठेवून उभं राहावं लागतं. मुद्दा आला की मी तो पाय दाबतो. ही सवय मला माझ्या गुरुजींनी लावली. त्या आधारावर आवाज येतो. इंद्रजितला यातलं काय कळणार, म्हणून सांगितलं नाही.

१९ जानेवारी

आज मला जे लागलं ते लिहावं की नाही, कळत नाही.

बबिता घाटंजीच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे. सकाळी खेमसिंगच्या गाडीने जाते, कारण खेमसिंगची बायको हंसाबाई त्याच वेळी भाजी घेऊन बाजाराला निघते. इतके दिवस मी यात काही पाहिलं नाही. आज मुद्दाम लवकर गाडी काढली आणि म्हणालो, "चल, मी सोडतो."

ती घुटमळली. म्हणाली, "बापू, काकीसंगं जातो मी. गाडीत हवेली शिकतो तिच्याजवळून."

"हंसाबाईलाही घे. माझ्या गाडीत शिक."

"तुमच्या गाडीत गाता येत नाई, बापू."

मग ती जे बोलली ते माझ्याकडे न पाहता बोलली. म्हणाली, "मले लग्नाच्या दिवशी बी काकाच्याच गाडीवर उभं राहायचं हाय."

ती गेली. खेमसिंगने तिच्यासाठी दार उघडलं. हंसाबाई मधे सरकली. गाडी वळली तेव्हा तिघं हसत होती. खेमसिंगला दोन मुलगे आहेत, मुलगी नाही. त्याला माझी हवी आहे, असं माझ्या मनात आलं. मनात आलं ते लिहिलं.

गाडीत गाता येत नाही, म्हणजे आवाज. इंजिनाची खडखड. त्यात पोरीचा सूर कसा लागेल? आता ध्यानात आलं. भारीवालंच टाकत राहायचं, नियमाने. खडखड थांबली की तिला म्हणता येईल, ये, आता गा.

१ फेब्रुवारी

लालीबाईला गाडीत बसवून विचारलं, "आवाज कमी झाला का?"

ती म्हणाली, "कोणाचा?"

"इंजिनाचा."

"तुमी बोलता तं इंजिनाचा कसा आयकू येईन?"

तिला यंत्रातलं कळत नाही. जाऊ दे.

१५ फेब्रुवारी

सेवालाल महाराजांच्या जयंतीचं भाषण. पटांगण भरलं होतं. मी लदेणीवर बोललो. सांगितलं, घाटाच्या पायथ्याशी लमाण थांबायचा. आधी बैलाला गूळ-तेल चारायचा, मग स्वतः भाकर खायचा. ज्याने बैलाला कोरडा कडबा टाकला त्याचा बैल अर्ध्या घाटात बसला आणि त्याचं मीठ पावसात विरघळलं. हे मी कुठे वाचलं ते आठवत नाही. कदाचित वाचलं नसेल. पण बोलताना ते खरं होतं. म्हातारे डोळे पुसत होते.

मग मी पेट्रोलवर आलो. म्हणालो, आज आमचे बैल लोखंडाचे आहेत. आणि आम्हाला सांगतात, तुमच्या बैलाला साधं पुरतं. मी विचारतो, साधं आमच्याच वाट्याला काहून? अशी शांतता झाली की मंडपाच्या कनाती हललेल्या ऐकू येत होत्या. मग टाळ्या.

खेमसिंग पहिल्या रांगेत होता. तोंडात खर्रा नव्हता. मी पाहिलं, तो टाळ्या वाजवत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. बरं वाटलं. इथे तरी तो माझ्यापुढे जाऊ शकत नाही.

१८ फेब्रुवारी

पकडला.

यवतमाळच्या पंपावर माझ्यापुढे गाडी होती. खेमसिंग. आणि नळी भारीवाल्याची. मी उतरलो, त्याच्या खिडकीवर टकटक केलं. म्हणालो, "साधं टाकतो म्हणे तू."

तो ओशाळला. खरंच ओशाळला. म्हणाला, "भिया, कोणाले सांगू नको. पयल्यांदाच टाकून राह्यलो."

"पहिल्यांदा?"

"तुयं भाषण आयकलं न. बैल घाटात बसला ते. मले दोन रात्री झोप नाई आली गड्या. म्हटलं, आपण गाडीले नुसता कडबाच चारून राह्यलो. हंसा म्हणे, पागल झाले का. मी म्हटलं, सेवादास खोटं नाई बोलत."

तो पुढे म्हणाला, "तू बोलतो तं लोकं डोळे पुसतात. मी बोलतो तं खर्रा मागतात. शाळेपासून पाहून राह्यलो मी."

मी मागे जाऊन माझ्या गाडीत बसलो.

घरी येऊन विचार केला. तो खरं बोलत असेल तर इतके महिने साध्यावरच पुढे जात होता. मग तो खोटं बोलत असणार. दुसरं काही असूच शकत नाही.

२६ फेब्रुवारी

तांड्याच्या पारावर खेमसिंगला विचारलं, "काय फरक पडला?"

"गाडीले काही नाई. जशी चढे तशीच चढते. मलेच बरं वाटलं, बैलाले गूळ चारल्यावानी." मग म्हणाला, "आता सोडतो बाप्पा. तुले लागते ते, तुयं ठीक हाय."

तुयं ठीक हाय. सगळी रात्र हे वाक्य कानात खडखडत होतं.

४ मार्च

होळीच्या लेंग्या, म्हणजे आमची होळीची नाचगाणी. बायकांनी नवीन गाणं बांधलं आहे. मराठीत सांगायचं तर, एकाची गाडी पाणी पिऊन डोंगर ओलांडते, एकाची गाडी तूप पिऊन पायथ्याशी भांडते. लालीबाई सगळ्यांत पुढे नाचत होती.

२० एप्रिल

लग्न आलं. मांडव पडला. यवतमाळला जायला सवडच नाही. इथल्याच पंपावरून साधं भरून पत्रिका वाटतो आहे.

लालीबाईशी भांडण झालं. मी म्हणालो, काही झालं तरी बबिता माझ्याच गाडीवर उभी राहील. ती म्हणाली, "तिनं काकाची गाडी काहून मागितली, ते इचारलं का तिले?"

"विचारायचं काय त्यात? माझी गाडी चढत नाही, आवाज करते. सगळ्या तांड्याला माहीत आहे."

"इचारून तं पाहा."

"बापाने पोरीला विचारायचं, तुला मी काहून नको?"

ती पापड उन्हात टाकायला निघून गेली.

मी ठरवलं आहे. त्या दिवशी पहाटेच माझी गाडी मांडवाच्या तोंडाशी लावून ठेवतो. सजवलेली, झेंडूच्या माळा घातलेली. भरल्या मांडवात पोर बापाच्या गाडीला नाही म्हणणार नाही. हे थोडं कपट आहे, मला कळतं. पण खेमसिंगने माझं काय ठेवलं? विदाईच्या वेळी बोलायचं भाषणही तयार आहे. इतकं चांगलं मी कधी लिहिलं नव्हतं.

२७ एप्रिल

काल लग्न झालं. आज घर मोठं वाटतंय. क्रमाने लिहितो.

ठरवल्याप्रमाणे गाडी मांडवाच्या तोंडाशी लावली. स्वच्छ धुतलेली, माळा घातलेली, डाल्यात नवी सतरंजी. खेमसिंगची गाडी मागे चिंचेखाली होती, तीही सजवलेली, पण माझ्या गाडीइतकी नाही. विदाईची वेळ झाली तेव्हा मी आधीच स्टिअरिंगवर जाऊन बसलो होतो, म्हणजे कुणाला बोलायला जागाच राहणार नाही.

बबिता बाहेर आली. दोन्ही बाजूंनी बाया. ती माझ्या गाडीजवळ आली, थांबली, माळांवरून हात फिरवला. आरशात मला तिचा हात दिसला, तोंड नाही. मग ती पुढे चालत गेली, चिंचेखाली. मी समोरच्या काचेकडे पाहत बसलो. माझ्या आयुष्यात मी इतका कुणाचा द्वेष केला नसेल जितका त्या वेळी त्या चिंचेखालच्या गाडीचा केला.

खेमसिंग केबिनमध्ये चढला. हंसाबाईने तिला डाल्यात चढवलं. ती उभी राहिली, दोन्ही हात वर केले आणि थांबली. गाणं सुरू होईना. सगळे बघायला लागले. मग तिचा आवाज आला, तो गाण्याचा नव्हता.

"बापू, खाली उतरा न."

मी उतरलो नाही. लालीबाई माझ्या दाराशी आली. हळू बोलली, बाकी कुणाला ऐकू जाणार नाही असं. "गाडी चालवणाऱ्याची पाठ असते नवरीकडं. तिले तुमचं तोंड समोर पायजे होतं. येवढंच होतं ते. तीन महिन्यांपासून येवढंच होतं."

मी उतरलो. लोकांनी वाट दिली. डाल्यासमोर जाऊन उभा राहिलो, अगदी समोर, जिथे बाप उभा राहतो.

आणि तिने हवेली गायली. मी हजार सभा ऐकल्या असतील, हजार केल्या असतील. असा आवाज ऐकला नाही. दाराला आशीर्वाद दिला, उंबऱ्याला दिला, विहिरीला दिला, आईच्या चुलीला दिला. मग तिने हंसाबाईने न शिकवलेली एक ओळ घातली. आमच्या गोरबोलीत होती, तिचा अर्थ असा, की माझ्या बापाचं तोंड शब्दांनी भरलेलं राहो, मी नसले तरी ऐकणारं कुणी त्याला मिळत राहो.

रडताना मला मधेच केबिनमधला खेमसिंग दिसला. त्याची पाठ तिच्याकडे होती. त्याने आतला आरसा पार वाकडा करून ठेवला होता आणि त्यात पाहत होता. त्याने तिला लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलं आहे. समोर उभं राहायची जागा त्यालाही होती, चुलत्याला असतेच. ती सोडून तो स्टिअरिंगवर बसला होता.

गाणं संपलं आणि लोक माझ्याकडे वळले. माझं भाषण ठरलेलं आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. तांड्याच्या नायकाने माईकही पुढे केला. मी तो हातात घेतला. मग परत दिला.

गाड्या निघाल्या. पुढे खेमसिंगची, तिच्यात बबिता, जीवन आणि पाठराखणीला हंसाबाई. मागे माझी. माझ्या डाल्यात लोखंडी कपाट, पलंग, भांडी, आणि त्यांच्यामधे दाटीवाटीने बसलेल्या बाया. इतकं ओझं मी कधी लादलं नव्हतं. शेजारी लालीबाई. ती बोलत नव्हती आणि मीही नव्हतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर धरून मी नुसता पुढच्या गाडीतल्या लाल ओढणीकडे पाहत होतो.

बोरखडीचा चढ कधी लागला ते कळलं नाही. कळलं तेव्हा आम्ही अर्ध्याच्या वर आलो होतो, आणि खेमसिंगची गाडी मला आडवी येत होती. माझ्या गाडीला आणखी पळायचं होतं. बाजूने जागाही होती. मागच्या बाया ओरडायला लागल्या, "काढा दाजी, पुढं काढा." मी हॉर्नही वाजवला नाही. पाय वर घेतला आणि माथ्यापर्यंत त्याच्या मागेच राहिलो.

माथ्यावर मोहाखाली सगळे पाणी प्यायला थांबले. खेमसिंग उतरून माझ्याकडे आला. डोळे लाल होते. बॉनेटवर हात ठेवला, चाकांकडे पाहिलं, मागच्या कपाटाकडे पाहिलं.

"भिया, मी आरशात पाहून राह्यलो होतो. येवढं सामान, अन्‌ मले दाबत येऊन राह्यली तुयी गाडी. काय टाकलं बे आज टाकीत?"

मला आठवावं लागलं. लग्नाच्या घाईत, इथल्याच पंपावरचं.

"साधं," मी म्हणालो.

त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं. त्याचा विश्वास बसला नाही. मला लगेच कळलं, ते तोंड मी ओळखतो.